आडव्या बाटलीच्या फलकावर मेंदू-डोळा लिहायचा का?

बालाघाटकर: धारूर तालुक्यातल्या आमच्या गावात देशीचं दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान घ्यायचं चाललंय. फलकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. दरवेळी सडलेल्या लिव्हरचा फोटो. लोकांना त्याचं काही वाटत नाही, काविळीवर झाडपाला आहेच म्हणतात. माझं मत, या खेपेला मेंदू आणि डोळा लिहा.

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की रक्तातलं भलतंसलतं आत जात नाही. डोळ्याच्या पडद्याला तर दुहेरी बंदोबस्त: वाहिन्यांची भिंत, आणि पडद्यामागचा रंगीत पेशींचा थर. दारूला मात्र हे काहीच आडवं येत नाही. रेणू लहान, पाण्यातही विरघळतो, चरबीतही. काही मिनिटांत मेंदूत. वर तिचं पेशीत अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य होतं, घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात आणि पेशी-पेशींमधले सांधे धरून ठेवणारी क्लॉडिन, ऑक्लुडिन ही प्रथिनं ढिली पडतात. शेताच्या बांधाला घुशी लागाव्यात तसं.

औषधवाला: घुशी झकास, पण फलकावर नको. हे सांधे ढिले झालेले दिसले ते बहुतेक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत आणि उंदरांत. शनिवारी क्वार्टर घेणाऱ्याच्या मेंदूत किती पाझरतं, ते त्यावरून सांगता येत नाही. आणि डोळ्याचा बांध फोडणारी आपल्याकडची मोठी घूस म्हणजे शुगर. मधुमेहात पडद्याच्या वाहिन्या पाझरतात, सूज येते. तुम्ही सगळं दारूवर ढकललं की न पिणारा शुगरवाला पडदा तपासायला जाणारच नाही.

कोयत्याचा पोरगा: आमच्याकडं डोळे जायलेत ते हातभट्टीनं. सीलबंद पिऊन आंधळा झालेला एक दाखवा. २०१५ ला मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ती काय दुकानातली होती का? दुकान बंद केलं की गडी भट्टीवरच जाणार. दिवसभर मोळ्या वाहून पाठ मोडलेल्याला तुमचं क्लॉडिन कामून सांगायलाव?

बालाघाटकर: मालवणीत विषारी मिथेनॉल होतं, त्याची गोष्ट वेगळी. त्याचं अंगात फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेतल्या पेशींना ऊर्जाच बनवू देत नाही. पण सील असलं म्हणजे आतली दारू साधी ताक होत नाही. भट्टी वाढेल ही भीती खरी आहे, नाकारत नाही. त्यासाठी धाडी घालायच्या, शाळेच्या वाटेवर परवान्याचं दुकान कशाला?

रामभाऊ ७२: मिथेनॉलवर चांगली दारू हाच उतारा, असं ऐकलंय.

औषधवाला: अर्धवट ऐकलंय, रामभाऊ. इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतलंच अल्कोहोल, किंवा फोमेपिझोल हे औषध देतात, कारण त्यानं मिथेनॉलचं विष बनणं थांबतं. पण ते दवाखान्यात, मोजून, गरज पडली तर डायलिसिससकट. घरी क्वार्टर पाजत बसलात तर नस गेली समजा.

सिस्टर: तुमचं क्लॉडिन राहू द्या. पिणाऱ्याला आणलं की घरच्यांचं पहिलं वाक्य, ‘सिस्टर, सलाईन लावा, ताकदीची.’ म्हणजे ग्लुकोज. बाबा महिनोन्‌महिने धड जेवलेला नसतो. दारूनं आतड्यातून बी-१ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही, असलेलं संपत आलेलं. त्यात बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं. मग बुबुळं थरथरतात, एकाचे दोन दिसतात, पाय फाकून चालतो, बोलणं भरकटतं. याला वेर्निके म्हणतात. घरचे म्हणतात, अजून उतरली नाही. अहो, दोन दिवस थेंब नाही पोटात आणि तरी झोकांड्या जातायत, तर ती दारू नव्हे! वेळेवर बी-१ चं इंजेक्शन मिळालं तर डोळे बरेचदा लवकर सुधारतात, स्मरणशक्ती मात्र कायमची जाऊ शकते. बी-१ तुटलं की मेंदूच्या काही भागांतला बांधही गळतो, हे प्राण्यांत दिसलंय, म्हणजे बालाघाटकरांचंही अगदीच चूक नाही. पण फलकावर झोकांड्या लिहा.

औषधवाला: हे चालेल. पण ‘एका घोटानं मेंदू फुटतो’ असलं काही छापलंत तर मी तुमच्या विरोधात उभा राहीन.

बालाघाटकर: तसं लिहिणारच नव्हतो. मेंदू-डोळा मात्र राहणार, सिस्टरच्या ओळीखाली बारीक अक्षरात का होईना.

कोयत्याचा पोरगा: लिहा काय लिहायचं ते. बायांचं मतदान हाय ना? दिवाळीनंतर निम्म्या बाया उसाच्या फडावर असत्यात, कारखान्याच्या कोपीत. त्यांचं मत कोण आणायलंय, ते आधी ठरवा.