अर्धवट पोटमाळ्यात लाईट घ्यायचीय, खालच्या खोलीच्या पॉइंटवरून घेतली तर चालेल का?

वासेमोजणी:
नमस्कार मंडळी. पोटमाळ्याचं काम अजून अर्धवटच आहे, वासे उघडे, आतून सीलिंग नाही, खाली निम्म्या भागात फळ्या ठोकल्यात बाकी नुसत्या तुळया. सामान काढायला वर जावंच लागतं आणि दर वेळी मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून शिडी चढायची म्हणजे वैताग. दोन-तीन एलईडी लावायचेत बस्स. खालच्या खोलीच्या छताच्या लाईटची वायर माळ्यातूनच गेलीय, तिथूनच फाटा मारला तर? एमसीबीवर (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) लोड येईल का, आणि पुढेमागे सीलिंग केलं तर सगळं उखडावं लागू नये एवढंच.

फेजवाला:
लोडचं टेन्शन सोडा हो. लाईटच्या सर्किटला 6 अँपिअरचा एमसीबी असला तरी 230 व्होल्टला 1380 वॅट होतात, तुमचे तीन एलईडी मिळून 30 वॅट, त्याला कळणार पण नाही.

घोळ वेगळाच आहे. खोलीच्या दिव्यापर्यंत जी फेज (करंट आणणारी वायर) येते ती बहुतेक ठिकाणी खालच्या बोर्डातल्या स्विचमधून फिरून आलेली असते, म्हणजे खोलीतली लाईट चालू असेल तरच त्या वायरमध्ये करंट. तिथून फाटा मारलात तर खोलीतली लाईट लावल्याशिवाय माळ्यावर उजेड नाही, आणि खाली कोणी झोपायला म्हणून बंद केली की तुम्ही वर अंधारात, तेही उघड्या तुळयांवर! कायम चालू असलेली फेज बोर्डातून वेगळी आणा, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थिंग पण तिथूनच त्याच सर्किटचं. न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा उचलला आणि आरसीसीबी (करंट कुठे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) वेगवेगळे असले तर तो उगाच ट्रिप होत बसतो, मग शोधत बसा कारण. आणि स्विच फेजवरच हवा. न्यूट्रलवर बसवला तरी दिवा बंद होतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण होल्डरमध्ये फेज तशीच असते.

जुना_वायरमन:
वरचं बरोबर. मी भर घालतो ती वायरीची, कारण माळ्यावर दिव्यापेक्षा वायरच जास्त मार खाते. उंदीर पीव्हीसी कुरतडतात, शिवाय सामान ओढताना काहीतरी अडकतंच. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, पाईपमधून, उंदीर असतील तर लोखंडी पाईप आणि त्याला अर्थिंग. तुळयांच्या वरून आडवी वायर टाकू नका, पुढे फळी ठोकणारा खिळा बरोबर तिच्यातच मारतो. वाशाच्या किंवा तुळईच्या बाजूने न्या. भोक पाडायचंच तर तुळईच्या उंचीच्या मधोमध, खालची-वरची कड पोखरायची नाही, ताकद तिथेच असते.

जॉइंट सगळे झाकणाच्या बॉक्समध्ये, आणि सीलिंग झाल्यावरही तो बॉक्स उघडता आला पाहिजे. टेप गुंडाळून लोंबकळत सोडलेला जॉइंट नको. त्यात जुनी वायरिंग अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर तांब्याशी थेट पीळ मारायचा नाही, तो जॉइंट हळूहळू ढिला होऊन तापतो, त्यासाठीचा कनेक्टर वापरा.

सावली७:
मोशन सेन्सरचा दिवा लावा की राव, वर चढलं की पेटतो, स्विचची भानगडच नको.

जुना_वायरमन:
माळ्यावर नको. साधा सेन्सर शरीराची उष्णता आणि मागची उष्णता यातला फरक बघतो, उन्हाळ्यात छताखाली दोन्ही जवळपास सारखीच होते मग तो चुकतो. शिवाय खोक्यात शोधाशोध करत एका जागी बसलात की दिवा गेला.

वासेमोजणी:
भारी माहिती, धन्यवाद. बोर्डातूनच फेज घेतो मग. स्विच वर ठेवू की खाली? आणि वर चालू राहिला तर खालून कळणार कसं, झडप तर बंद असते.

फेजवाला:
खाली, शिडीपाशी. चढायच्या आधी उजेड पाहिजे ना. शेजारी इंडिकेटर बसवा पण तो दिव्याला समांतर जोडायचा, म्हणजे दिवा चालू असतानाच पेटेल. काही स्विचमध्ये बारीक निऑन आधीच असतो तो उलटा, बंद असताना पेटतो, आणि त्याच्यामुळे एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो.

दिवे छताला अगदी चिकटवून नकोत, एलईडीच्या आतला ड्रायव्हर (त्याला योग्य वीज पुरवणारं छोटं सर्किट) उष्णतेनेच मरतो. वाशापासून जरा खाली, जाळीवाले घ्या म्हणजे डोकं किंवा खोकं आपटलं तरी फुटत नाहीत. जुना पिवळा बल्ब तर नकोच, तो कागद-कापडाच्या गठ्ठ्याला टेकला की धोका.

काम करताना मेन बंद, आणि टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, टेस्टरच मेलेला असेल तर तो सगळीकडे बंदच दाखवणार. बोर्ड उघडून आतलं काही कळलं नाही तर तेवढी जोडणी वायरमनकडून करून घ्या, पाईप-बॉक्स तुम्ही आधी बसवून ठेवा, त्याचंही काम पटकन होतं.