मदत हवी आहे : इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर गाडी झटके देते

तिरपागडे : इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरू लागल्यापासून माझी गाडी वेग घेताना झटके देते, सकाळी लवकर सुरू होत नाही आणि मायलेजही घटले आहे. प्लग नवे आहेत. नेमके काय बदलावे, एवढेच सांगावे. इंधनधोरणावरील चर्चा नको.

आडकित्ता : गाडी कार्बोरेटरची (हवा व इंधन यांत्रिक पद्धतीने मिसळणारी) आहे की इंजेक्शनची (संगणकाच्या नियंत्रणाने इंधन फवारणारी), किती जुनी आहे आणि मिश्रणात इथेनॉल किती टक्के आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

रानभूल : मायलेज थोडे घटणे हा बिघाड नव्हे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घट अपेक्षितच आहे. झटक्यांचे कारण मात्र वेगळे असावे.

चाकोरी : मी प्रत्येक टाकीत ॲडिटिव्ह, म्हणजे इंधनात मिसळायचे रसायन, घालतो आणि मला कधीही त्रास झालेला नाही. तेच करावे.

तिरपागडे : कार्बोरेटरच आहे, झटक्यांवरून ते लक्षात यायला हवे होते. मिश्रण २० टक्क्यांचे आहे. मध्यंतरी गाडी काही महिने उभी होती. आता उपाय सांगा.

रानभूल : मग उलगडा होतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पटच पुरते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरचे संकेत पाहून संगणक इंधन वाढवतो, परंतु कार्बोरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणारे छिद्र, ठरलेल्या मापाचे असल्याने हवा-इंधनाचे मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. चोक (हवा कमी करून इंधनाचे प्रमाण वाढवणारी कळ) किंचित ओढून चालवून पाहा. झटके थांबले, तर मुख्य जेट एक माप मोठे बसवा.

आडकित्ता : एवढ्यावरून जेट बदलणे घाईचे ठरेल, कारण फिल्टर तुंबला तरी मिश्रण लीनच होते आणि चोक ओढल्यावर तसाच फरक पडतो. इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला मळ सोडवते आणि तो थेट फिल्टरमध्ये जाऊन बसतो. शिवाय गाडी उभी होती, म्हणजे टाकीत पाणी शिरल्याची शक्यता आहे. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाशी उतरते, आणि इंधन तर तळातूनच उचलले जाते. काचेच्या बाटलीत नमुना काढून स्थिर ठेवा; तसे झाले असेल, तर तळाशी वेगळा थर दिसेल.

चाकोरी : ॲडिटिव्हने हे सारे टळते, असे मी पुन्हा सांगतो.

आडकित्ता : एकदा वेगळा झालेला थर कोणतेही ॲडिटिव्ह पुन्हा नीट मिसळून देत नाही, टाकी रिकामीच करावी लागते.

पिस्टनपंत : इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली अकाली पेट न घेण्याचे माप) १०० च्या वर असल्याने कॉम्प्रेशन (इंजिनात मिश्रण दाबण्याचे प्रमाण) वाढवून अधिक शक्ती मिळवता येते, याचा विचार कोणीच का करत नाही?

रानभूल : कारण तसे कोणीही विचारलेले नाही. तिरपागडे, रबरी नळ्याही दाबून पाहा. जुने रबर इथेनॉलने फुगते किंवा तडकते, आणि गरम इंजिनाजवळची गळती धोकादायक असते. नळ्या घेताना त्या इथेनॉलसाठी योग्य असल्याची खात्री करा.

तिरपागडे : नळ्या ठीक आहेत. बाटलीत तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसतो. टाकीला खाली बूच नाही, मग ती पूर्ण रिकामी कशी करायची?

आडकित्ता : इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, पंपाकडे जाणारी नळी सोडवून इंधन धातूच्या कॅनमध्ये काढा. तळाशी उरलेल्या इंधनासाठी टाकीच उतरवावी लागेल. नंतर कार्बोरेटरची इंधन साठणारी वाटी धुवा, नवा फिल्टर बसवा, आणि त्यानंतरही झटके राहिले तरच जेटला हात लावा.