पाणी जास्त पिणं फक्त उन्हाळ्याचं नव्हे

कुणाची तरी तेरा वर्षांची मांजर पाणी जास्त पितेय, आणि ते उन्हाळ्यामुळेच, असं त्यांना सांगितलं गेलंय. मी एवढ्यावर सोडणार नाही. बेळगावात शहापूरला आमची मनी अशीच न्हाणीतल्या बादलीला तोंड लावून बसायची. लघवी वाढली, पाठीचा कणा हाताला लागू लागला. खाणं मात्र नेहमीचं, म्हणून आम्ही गाफील. तपासल्यावर मूत्रपिंडं थकलेली निघाली. मधुमेहात, थायरॉईडमध्येही असंच दिसतं, तेव्हा रक्त-लघवी तपासून घ्या की. वजनही बघत राहा: मांजरीला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजा करायचं. चार किलोतले चारशे ग्रॅम म्हणजे दहावा हिस्सा गेला! आणि घरातली पॅरासिटामॉल अजिबात नको, मांजराला ती विषच.