नवऱ्याला बोटीवर राहायचंय, मला पोहता येत नाही. आयसीडब्ल्यूबद्दल विचारायचं होतं

वसुधा_कॅरी

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला २१ वर्षं राहतोय. हे जूनमध्ये निवृत्त होतील. मुलगी सिएटलला, तिच्या संसारात. गेले वर्षभर ह्यांच्या डोक्यात एकच आहे: ३६ फुटी जुना ट्रॉलर (मासेमारीचा नव्हे, राहण्याची सोय असलेली संथ मोटरबोट) घ्यायचा आणि नॉरफोकपासून फ्लोरिडापर्यंत इंट्राकोस्टल वॉटरवेने (आयसीडब्ल्यू), म्हणजे किनाऱ्याच्या आतून जाणाऱ्या जलमार्गाने, सावकाश जायचं. हिवाळा खाली दक्षिणेत, उन्हाळा वर उत्तरेत. हे म्हणतात, मी बोट चालवेन, तू स्वयंपाकाचं बघ, मजेत राहू.

मला पोहता येत नाही. माझं माहेर नगरचं, पाणी म्हणजे विहीर एवढंच ठाऊक. पण ह्यांचं मन मोडायचं नाहीये. प्रत्यक्ष गेलेलं कुणी आहे का? वर्षातून कधी निघायचं, खर्च किती, आणि खरं म्हणजे भीती वाटते का, ते सांगा.

अनिकेत_चेसापीक

ताई, मी नॉरफोकच्या बाजूलाच राहतो, दोनदा फ्लोरिडाला जाऊन आलोय. हिशेबाचं मी सांगतो, बाकीचं खाडीकाठची ताई सांगतील, त्या सध्या बोटीवरच आहेत.

या जलमार्गाचा मैल शून्य नॉरफोकला. तिथून मायामी जवळजवळ १,०९० मैल. हे मैल जमिनीवरचे, सागरी नव्हेत, नकाशा वाचताना घोटाळा होतो. तुमच्यासारखी बोट ताशी ७ मैलांनी जाते आणि तासाला साधारण २ गॅलन डिझेल पिते. बहुतेक पक्के पूल ६५ फूट उंच आहेत, बिनशिडाच्या बोटीला त्यांची काळजी नाही. उघडणाऱ्या पुलांना व्हीएचएफवर (बोटीवरचा रेडिओ) हाक मारायची: व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात चॅनल १३, त्यांच्या दक्षिणेला चॅनल ९. वॉटरवेला टोल नाही. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे शरद ऋतूत किती खाली कधी जाता येईल यावर बऱ्याच विम्यांत अट असते. कागद नीट वाचा.

खाडीकाठची

वसुधाताई, तुमचं लिहिणं वाचून मला पाच वर्षांपूर्वीची मीच दिसले. फरक एवढाच की मी बाणकोटची. लहानपणी वेसवीहून बागमांडल्याला तरीतून जाताना पाण्यात हात घालून बसायचे. पाण्याचं भय मला नव्हतं. पण "तू स्वयंपाकाचं बघ" हे मीही ऐकलं होतं, आणि आनंदाने मानलंही होतं.

आमची बोट ३८ फुटी, एका इंजिनाची, चार फूट पाणी लागणारी. नाव 'सावित्री', बाणकोटच्या नदीवरून. ऑक्टोबरात निघतो, एप्रिल-मेमध्ये परततो. रोज ५० मैल गेलं तर मायामी २२ दिवसांत येईल. आम्ही अडीच महिने लावतो.

घाई नसली की काय मिळतं ते सांगते. सुरुवातीलाच दोन वाटा आहेत, त्यातली डिस्मल स्वॅम्प कालव्याची घ्या (आधी उघडा आहे का बघा). तो १८०५ मध्ये खुला झाला. २२ मैलांचा तो सरळ चर दलदलीत हातांनी खणला, आणि खणणारे बहुतेक गुलाम होते. दोन्ही काठांची झाडं डोक्यावर येतात. झाडापानांचा अर्क उतरून पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं, पण वारा नसेल तर त्यात आभाळ इतकं स्वच्छ दिसतं की पुढे जायला नको वाटतं. पहिल्या वर्षी मी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, बसून पाच तास काही बोलले नाही. कालवा संपला की एलिझाबेथ सिटी. तिथे धक्क्यावर दोन दिवस फुकट राहता येतं. तुम्हाला कॅरीहून गाडीने एका दिवसात जाऊन येता येईल. आधी जाऊन बोटीवरच्या बायकांशी बोला, नवऱ्यांशी नको.

साउथ कॅरोलायनात वॅकमॉ नदी लागेल. सायप्रसची झाडं गुडघाभर पाण्यात उभी असतात. आम्ही मुख्य वाट सोडून एका वळणात नांगर टाकतो आणि चार-चार दिवस हलत नाही. सकाळी ह्यांचा चहा, माझे पोहे, मग जाळीदार धुकं विरेपर्यंत नुसतं बसायचं. जॉर्जियात कंबरलंड बेट आहे. तिथे बोटीशिवाय जाताच येत नाही, आणि वाळूवर मोकळे घोडे फिरतात.

आता भीतीचं. तिसऱ्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. जॉर्जियात भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो, उधाणाच्या सुमाराला जास्तच. कागदावर वॉटरवेची खोली १२ फूट आहे, पण गाळ साठतो, आणि लिटल मड नदीत तर फार. भरती सहाच्या सुमाराला होऊन गेलेली. आम्ही चांगली भरती असताना तिथून जायला हवं होतं, पण पुढच्या गावात भेटीची वेळ दिली होती म्हणून ओहोटीतच घुसलो. नऊ वाजता बोट मऊ चिखलात बसली. धक्काही जाणवला नाही, फक्त ओट्यावरचा डाव आपोआप सरकायला लागला.

मग पाणी उतरत गेलं आणि बोट कलत गेली. कुकर मी गादीवर उशांमध्ये ठेवला. हे डिंगीतून (बोटीसोबतची छोटी होडी) दुसरा नांगर खोल पाण्याकडे टाकून आले, आणि परत चढताना कललेल्या पायरीवरून घसरले. उजवं मनगट गेलं. दहा मिनिटांत सुजून भाकरीएवढं झालं. बाहेर नुसता राखाडी चिखल, त्यावर लाखो खेकडे चालतानाची खसखस. मदतीला ओढबोट बोलावली, पण तीही पाणी चढल्याशिवाय पोचणार नव्हती.

साडेतीनला आम्ही आपसूक तरंगलो. अंधार पडायला दोन तास. ह्यांना चाक धरता येत नव्हतं. तोवर मी सुकाणूवर फक्त फोटोसाठी बसले होते. ते शेजारी उभे राहून सांगत होते आणि मी आठ मैल बोट नेली. नांगर मी टाकला. दोन्ही पाय थरथरत होते, आणि नांगर धरल्यावर मी मोठ्याने रडले.

म्हणून कळकळीने सांगते: पोहणं शिका, लाइफ जॅकेट घाला, पण त्याआधी सुकाणू शिका. इंजिन चालू-बंद करणं, रेडिओवर बोलणं, नांगर टाकणं-उचलणं. कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचे (तटरक्षक दलाचे स्वयंसेवक) वर्ग असतात, दोघांनी मिळून करा. आता आम्ही एक दिवस ते, एक दिवस मी असं चालवतो. ज्याच्या हाती सुकाणू नाही त्याने स्वयंपाक करायचा. ह्यांची आमटी आता माझ्यापेक्षा चांगली होते. खरं सांगायचं तर निवांतपणा मला तेव्हापासून मिळाला. आधीची दोन वर्षं ह्यांना काही झालं तर मी काय करू, ही धास्ती रोज माझ्याबरोबर जेवायला बसायची.

आणि कुणालाही तारीख देऊ नका. गाव सांगा, नाहीतर दिवस सांगा, दोन्ही एकदम नको.

आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, अष्टमीला सहा. इथले तास वेगळे पडतात, कोष्टकच बघावं लागतं. पण रोज सुमारे ५० मिनिटं पुढे, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी), हे जॉर्जियातही तसंच आहे. कालनिर्णय सुकाणूशेजारी टांगलंय.

वसुधा_कॅरी

ताई, दोनदा वाचलं, मग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे बराच वेळ गप्प होते. नंतर स्वतःच म्हणाले, वर्गाला दोघांची नावं घालू. मी पोहण्याच्या वर्गालाही नाव दिलंय, मंगळवार-गुरुवार सकाळी. एक बाळबोध प्रश्न: पाण्यातली वाट दाखवणाऱ्या लाल खुणा कुठल्या हाताला ठेवायच्या? हे म्हणतात समुद्राकडून आत येताना उजवीकडे. पण आपण तर काठाकाठाने जाणार, मग 'आत' म्हणजे कुठे?

खाडीकाठची

बाळबोध अजिबात नाही, इथे भलेभले चुकतात. दक्षिणेला जाताना लाल उजव्या हाताला, म्हणजे जमिनीच्या बाजूला. येताना डाव्या. पण जिथे दुसरी नदी किंवा बंदराची वाट येऊन मिळते तिथे त्यांच्या खुणांचे रंग उलटे असू शकतात. तिथे खुणेवरचा छोटा पिवळा त्रिकोण किंवा चौकोन शोधायचा. पिवळा त्रिकोण असेल तर खूण कुठल्याही रंगाची असो, दक्षिणेला जाताना ती उजव्या हाताला ठेवायची, चौकोन असेल तर डाव्या. मी सुकाणूशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: "खाली जाताना त्रिकोण उजवा".

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही एलिझाबेथ सिटीला असू, दिवस नाही सांगत. हिरव्या पट्ट्याची पांढरी बोट, मागे तुळस. गाडी घेऊन या. धक्क्यावरून सुटायला आणि परत लागायला तुम्हीच चाक धरायचं, मी शेजारी उभी राहीन.