मदत हवी आहे: मुंबईच्या आधुनिक कला संग्रहालयात गुडघेदुखीवाल्या आईला नेता येईल का?

येत्या शनिवारी आईला (वय ७२) फोर्टमधल्या एनजीएमएत (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) न्यायचंय. रीगल सिनेमासमोर, सर कावसजी जहांगीर हॉलची जुनी इमारत. सोमवारी बंद असतं ते माहीत आहे, त्यामुळे वाराचा प्रश्न नाही.

अडचण जिन्यांची. मी पूर्वी एकदा गेलो होतो. आत गोलाकार जिना आहे आणि एकेक दालन पाहत वर घुमटापर्यंत चढत जावं लागतं. तेव्हा लिफ्ट आहे का, हे बघायचं सुचलंही नाही. आता फोटो चाळले, तर सगळ्यांत जिनेच! आई कठड्याला धरून दहा-बारा पायऱ्या चढते, मग पाच मिनिटं बसावं लागतं. व्हीलचेअरला तिचा साफ नकार आहे.

चित्रं मात्र तिला मनापासून बघायची आहेत, विशेषतः ह. अं. गाडे आणि के. एच. आरा या चित्रकारांची. जवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीचा पर्याय डोक्यात आहे, पण तिथे दर आठवड्याला नवे चित्रकार. हे जुने प्रोग्रेसिव्हवाले (गाडे-आरांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे चित्रकार) तिथे हमखास कुठून मिळणार?

अलीकडे कुणी जाऊन आलंय का? लिफ्ट वरच्या दालनांपर्यंत जाते का, मध्ये बसायला बाकं आहेत का, आणि सध्या संग्रहातली जुनी चित्रं लावलेली आहेत की एखादं फिरतं प्रदर्शन चालू आहे?