नव्या संगीत नाटकाची गाणी प्रयोगाआधी लोकांसमोर आणावीत का?

चर्चाप्रस्ताव

गेली चार वर्षे मी एक स्वतंत्र संगीत नाटक लिहितो आहे. ते कोणत्याही कादंबरीवर किंवा चित्रपटावर बेतलेले नाही. कथा, संवाद आणि पदे माझी आहेत, तर चाली माझ्या संगीतकार मैत्रिणीच्या. दोन अंक आणि सोळा पदांची ही संहिता पाचव्या खर्ड्यानंतर आम्ही निर्मात्यांना दाखवू लागलो, तेव्हा तिघांनी जवळजवळ एकाच शब्दांत सांगितले की आधी गाणी ध्वनिमुद्रित करा, ती लोकांच्या ओठांवर येऊ द्या, मग नाटकाचे पाहू.

मला हा सल्ला मान्य नाही. नाटकातले पद हा प्रवेशाचाच एक भाग असतो. पद सुरू होताना पात्र जिथे उभे असते, तिथे ते पद संपताना उरत नाही. माझ्या दुसऱ्या अंकात दृष्टी गेलेल्या आईला तिची मुलगी भावाचे पत्र वाचून दाखवते. नुसते ऐकले तर ते एका मुलाने आईला लिहिलेले हळवे पत्र आहे. प्रेक्षकाने मात्र आधीच्या प्रवेशात खरे पत्र ऐकलेले असते आणि त्यामुळे त्याला ठाऊक असते की मुलगी गाते आहे त्यातले एकही वाक्य कागदावर नाही. हे पद नाटकाआधी लोकांना ऐकवले, तर त्यातले नेमके जे ऐकायचे तेच हरवते.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. पदे तालमीत आणि प्रेक्षकांसमोर घडतात. ‘ओक्लाहोमा!’ हे अमेरिकन संगीत नाटक १९४३ साली न्यूयॉर्कला येण्याआधी दुसऱ्या शहरात वेगळ्याच नावाने लागले होते, आणि ज्या गाण्यावरून त्याला आजचे नाव मिळाले त्या गाण्याला समूहगानाचे रूप या चाचणी प्रयोगांच्या काळात आले. १९७३ च्या ‘अ लिटल नाइट म्युझिक’ या संगीत नाटकातले सर्वांत प्रसिद्ध गाणे तालमी बऱ्याच पुढे गेल्यावर लिहिले गेले, आणि ते गाणाऱ्या अभिनेत्रीला सूर लांबवर धरून ठेवता येत नसल्यामुळे त्यातल्या ओळी मुद्दाम तोकड्या ठेवल्या गेल्या. गाणी आधीच ध्वनिमुद्रित होऊन लोकांच्या कानांत बसली असती, तर हे बदल करण्याचे धैर्य कोणाला झाले असते?

प्रतिसाद १ : एक संगीतकार

आपल्या पत्राच्या पदाची कल्पना मला फार आवडली, आणि म्हणूनच आपला निष्कर्ष मला खटकतो. संगीत नाटकाची संहिता कागदावर मुकी असते. ज्या निर्मात्याला चाल ऐकू येत नाही तो फक्त पदांचे शब्द वाचतो, आणि पदांचे शब्द बहुधा साधेच असतात, कारण उरलेले काम सुरांना करायचे असते. आपण त्याला सोळा कविता आणि त्यांच्यामधले संवाद देता, आणि त्यावरून सारे नाटक त्याने मनातल्या मनात ऐकावे अशी अपेक्षा धरता. हे त्याच्यावर आणि आपल्या मैत्रिणीवर, दोघांवरही अन्याय करणारे आहे.

गाणी आधी आल्याने नाटक मरते, याला इतिहासाचा आधार नाही. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ १९७० मध्ये अल्बम म्हणून आले आणि १९७१ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, उभे राहिले. ‘एव्हिटा’चा अल्बम १९७६ चा, तर लंडनमधला प्रयोग १९७८ चा. ‘हेडस्टाउन’चा अल्बम २०१० मध्ये आला आणि ते नाटक २०१९ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचले. या तिन्ही वेळी श्रोत्यांनी गाणी आधी ऐकली होती, तरी ते नाटक पाहायला आलेच.

पत्राच्या पदाबद्दल एक सुचवतो. मुलगी खोटे वाचते आहे हे फक्त आधीच्या प्रवेशामुळे कळत असेल, तर चालीने आपला वाटा उचललेला नाही. ध्रुवपदाकडे परतताना स्वर एकदा अडू द्या, एखादी ओळ समेवर येण्याऐवजी जरा आधी तुटू द्या. मग नाटक न पाहिलेल्या श्रोत्यालाही काहीतरी टोचेल, आणि तेच त्याला नाट्यगृहापर्यंत आणेल.

प्रतिसाद २ : एक दिग्दर्शक

वरच्या प्रतिसादातली उदाहरणे खरी आहेत, पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मला टिकणारा वाटत नाही. पहिली दोन नाटके जवळजवळ संपूर्ण गायली जातात. तिथे अल्बम ऐकणारा माणूस अख्खे नाटकच ऐकत असतो, त्यामुळे गाणे संदर्भातून तुटण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. धागाकर्त्याचे नाटक संवादांनी चालणारे आहे, आणि त्यातली चार पदे उचलून बाहेर काढणे म्हणजे घर दाखवायचे म्हणून चार खिडक्या काढून नेण्यासारखे आहे.

‘हेडस्टाउन’चे उदाहरण तर उलट्या बाजूने बोलते. ते २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लहान स्वरूपात रंगमंचावर आले होते, म्हणजे अल्बमच्या चार वर्षे आधी. अल्बमनंतरही ते तयार झाले असे कोणी मानले नाही. २०१६ च्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगापर्यंत नवी गाणी आणि नवे प्रसंग घालण्याचे काम चालूच राहिले.

आपल्याकडचा दाखला मला जास्त जवळचा वाटतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ लावले तेव्हा सातही अंक तयार होण्याची वाट पाहिली नाही. पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला. ‘सौभद्र’सुद्धा १८८२ मध्ये आधी तीन अंकांचे लागले आणि पाच अंकांचे नंतर झाले. लोकांसमोर नाटकाचा एक सलग तुकडा ठेवायचा, त्यातले काय पोहोचते ते पाहायचे आणि मग पुढचे घडवायचे, ही रीत आपल्या संगीत रंगभूमीच्या जन्मापासूनची आहे. गाणी सुटी करण्यापेक्षा पहिल्या अंकाचे, पेटीच्या साथीवर, हातात संहिता घेतलेल्या गायक-नटांकडून अभिवाचन करावे. त्यात निर्मात्याला चालही ऐकू येते आणि ती चाल कुठल्या वाक्यानंतर येते हेही कळते. आपल्या लांबलेल्या संवादांवर लोक कुठे चुळबुळ करू लागतात, ते आपल्यालाही त्याच वेळी दिसेल, आणि पाचव्या खर्ड्याला खरी गरज त्याची आहे.

प्रतिसाद ३ : निर्मितीची बाजू पाहणारा

गाणी आधी की अभिवाचन आधी, यापेक्षा मोठा अडथळा बहुतेक वेळा आकाराचा असतो, असा माझा अनुभव आहे. संगीत नाटकात प्रत्येक प्रयोगाला नटांबरोबर साथीदार, ध्वनियंत्रणा आणि त्यांची वाहतूक येते, आणि हा खर्च पहिल्या प्रयोगानंतर कमी होत नाही. ‘द फँटास्टिक्स’ मे १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या एका लहान नाट्यगृहात सुरू झाले ते जानेवारी २००२ पर्यंत चालले. त्याची साथ पियानो आणि हार्प या दोनच वाद्यांवर होती. धागाकर्त्याने पात्रे किती आणि वाद्ये किती हे लिहिलेले नाही, पण निर्माता पहिल्या पानावर हेच शोधतो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ध्वनिमुद्रण करा किंवा करू नका, संहिता, पदे आणि चाली यांचे हक्क कोणाचे आणि प्रत्येकाचा वाटा किती हे आधी कागदावर घ्या. दोघांपैकी एकाने काम सोडले तर चाली नाटकात राहणार की परत जाणार, हेही त्यात लिहा. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि ती गाणी प्रयोगात सादर करण्याचा हक्क वेगवेगळे असतात. एखादी संस्था ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलताना दुसरा हक्कही त्याच सहीत मागू शकते, आणि तो एकदा गेला की निर्मात्याला देण्यासारखे आपल्या हातात फारसे उरत नाही. मैत्री घट्ट असतानाच हे बोलणे सोपे जाते.

उपप्रतिसाद : धागाकर्ता

सर्वांचे आभार. पात्रे नऊ आहेत, आणि वाद्ये आम्ही सहा धरली होती. काल बसून आम्ही ती तिनावर आणली. दोन पदांचे त्यामुळे नुकसान झाले, एक मात्र उलट सुधारले. हक्कांचा कागद आमच्याकडे नव्हता, तो आता करतो आहोत.

संगीतकारांची चालीबद्दलची सूचना मी मैत्रिणीला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की मुलीने खोटे इतके सफाईने गायले पाहिजे की आईला शंकाच येऊ नये. स्वर अडला तर आईलाही कळेल, कारण आईची दृष्टी गेली आहे, कान नाहीत. मला तिचे म्हणणे पूर्णपणे पटले. ही चाल निर्दोषच असायला हवी, आणि म्हणून ती आधीच्या प्रवेशावाचून अपुरीच राहणार. पहिल्या अंकाचे अभिवाचन मात्र आम्ही करणार आहोत, आणि तिन्ही निर्मात्यांना त्याला बोलावणार आहोत. ध्वनिमुद्रण तूर्त नाही.

प्रतिसाद ४ : एक संगीतकार

आईच्या कानांचा मुद्दा मला सुचला नव्हता. त्या पदापुरता मी माझा शब्द मागे घेतो.

उरलेल्या पंधरांबद्दल मात्र घेत नाही. अभिवाचनाला चाळीस माणसे येतील, आणि त्या तीन निर्मात्यांपैकी एखादा आलाच तर अर्ध्यात उठून जाण्याची शक्यता आहे. नाटकाच्या सुरुवातीचे एखादे पद, ज्याच्या आधी प्रेक्षकाला काहीच ठाऊक नसते, ते आधी ऐकवल्याने कोणता संदर्भ हरवतो? तिथे श्रोता आणि प्रेक्षक एकाच जागी उभे असतात. ते एक पद ध्वनिमुद्रित करून अभिवाचनाच्या निमंत्रणाबरोबर तिघांना पाठवावे, एवढेच माझे म्हणणे आता उरले आहे, आणि त्याला धाग्यात अजून कोणी उत्तर दिलेले नाही.