आजी, बाबा आणि भाचा: तिघांना पत्रं कोणत्या भाषेत लिहावीत?

निशिगंध:
दिवाळीआधी घरी तीन पत्रं पाठवायची आहेत. आजीला कमी दिसतं. बाबांना आम्ही अहोजाहो करतो. ताईचा मुलगा दहा वर्षांचा, इंग्रजी माध्यमातला. शाळेतल्या पद्धतीनं लिहिलं की अर्ज वाटतो, मोकळं लिहिलं तर बाबांना उद्धट वाटेल. मायना आणि भाषा कशी ठरवावी?

बोरू:
मायना जुनाच ठेवा, मजकूर बोलीत लिहा. बाबांना 'तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. तीर्थरूप आईवडिलांना, आजी, काका, मामांना तीर्थस्वरूप. हा शब्द पूर्ण लिहा, कारण 'स्व.' एवढंच दिसलं की स्वर्गीय असं वाचलं जातं! भाच्याला 'चि.' आणि 'अ. उ. आ.', अर्थात अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढे 'पत्रास कारण की' नको, अर्जाचा सूर तिथूनच लागतो. 'केले, मिळाले' ऐवजी 'केलं, मिळालं' लिहा, पण मग शेवटपर्यंत तेच. दोन्हींची सरमिसळ वाचताना फार खटकते. आदर क्रियापदात असतो: 'बाबा, गोळ्या वेळेवर घेता ना?' एवढं पुरतं. 'आपण औषधे घ्यावीत' म्हटलं की दुरावा आलाच.

जाईजुई:
आजीचं पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार, हे धरून लिहा. आठ-दहा शब्दांची वाक्यं, एका वाक्यात एकच बातमी, कंस नकोत. फक्त तिच्यासाठी असलेलं गुज फोनवर सांगा. ती स्वतः वाचणार असेल तर जाड काळं पेन, एक ओळ सोडून मोठं अक्षर, आणि दर शब्दाला शिरोरेघ तोडा. सलग ओढली की शब्द एकमेकांत मिसळतात. आजोबा नसतील तर 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी, लिहायची जुनी रीत होती, ती कृपा करून टाळा.

आंतर्देशीय पत्र घेणार असाल तर डिंकाच्या कडांपासून दोन बोटं जागा सोडा, नाहीतर उघडताना मजकूर फाटतो. त्यात फोटो वगैरे घालता येत नाही, त्यासाठी पाकीटच हवं.

बोरू:
भाच्याला अर्धं पान बास, जोडाक्षरं कमी. 'काय चाललंय?' विचारलं की 'काही नाही' एवढंच उत्तर येतं. 'यंदा किल्ल्यावर मावळे किती?' असं नेमकं विचारा. खाली 'तुझी मावशी', आणि सोबत तुमचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घाला.